संगणक मध्येच गोठतो : दोष हार्ड डिस्कचा, रॅमचा की मदरबोर्डचा, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

मृण्मयी :

नमस्कार. आमच्या घरी २०१६ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा कोअर आय५-६४०० प्रोसेसर, ४ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ८ जीबी डीडीआर४ रॅम, ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी) १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मुलीचा अभ्यास, यजमानांचे टॅलीमधील हिशेब आणि अनेक वर्षांची छायाचित्रे यांसाठी तो वापरला जातो. आम्ही सोलापुरात राहतो आणि संगणकाची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली असल्यामुळे उन्हाळ्यात तिथे चांगलेच तापते.

गेल्या काही महिन्यांपासून तो फार मंद झाला आहे. सुरू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, परंतु एखादी फाइल उघडता येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात. काम चालू असताना मध्येच खिडकी पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे येते, माउसचा बाण मात्र फिरत राहतो, आणि कधी अर्ध्या मिनिटाने तर कधी चार-पाच मिनिटांनी सगळे आपोआप पूर्ववत होते. त्या वेळी कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा सलग पेटलेला असतो. याखेरीज अधूनमधून असेही होते, की स्क्रीन आहे तशी थिजते, माउस हलत नाही, गाणे चालू असेल तर त्यातली एकच घरघर ऐकू येत राहते, आणि बटण दाबून संगणक बंद करण्यावाचून इलाज उरत नाही.

एका दुरुस्तीवाल्यांनी फॉरमॅट करून विंडोज पुन्हा घातले. त्यानंतर थोडे दिवस संगणक बरा चालला आणि मग पुन्हा तेच सुरू झाले. दुसऱ्या दुकानात ‘मदरबोर्ड गेला आहे, नवा संगणकच घ्या’ असे सांगण्यात आले. ते कशावरून ठरवले, हे मात्र समजले नाही. नवा घेण्याची वेळ आली तर घेऊ, पण नेमके काय बिघडले आहे ते कळल्याशिवाय पैसे खर्च करण्याची इच्छा नाही. स्क्रू काढणे, केबल ओळखणे एवढे मला जमते. कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि कोणत्या खुणेवरून कोणता भाग दोषी ठरवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


रोहिडेश्वर :

मृण्मयीताई, तुम्ही लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. तुमच्या संगणकात बहुधा दोन वेगवेगळे दोष आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच दुरुस्ती भरकटली असावी.

तपासणीला हात घालण्यापूर्वी छायाचित्रे आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी, सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी. तोवर चेकडिस्क (विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन), डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणे) किंवा डिस्कचा संपूर्ण पृष्ठभाग वाचणारी कोणतीही चाचणी चालवू नका. चेकडिस्कची ‘/आर’ ही पद्धत प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा डेटा ठेवण्याचा छोटा कप्पा) वाचायला लावते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण सोसेलच असे नाही. शिवाय चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम (फाइलींची डिस्कवरची मांडणी) सुसंगत करणे हे आहे. त्या कामात अर्धवट वाचता येणारे छायाचित्र बाद झाले तरी त्याच्या दृष्टीने दुरुस्ती यशस्वीच ठरते.

आता गोठण्याचे दोन प्रकार पाहू. पहिल्या प्रकारात माउसचा बाण फिरतो, कीबोर्डवरचे नम लॉकचे बटण दाबले तर त्याचा दिवा पेटतो-विझतो, आणि काही वेळाने सगळे सुरळीत होते. याचा अर्थ प्रोसेसर, रॅम आणि विंडोजचा गाभा जिवंत आहेत, परंतु जो प्रोग्राम डिस्ककडे काही मागतो तो उत्तराची वाट पाहत थांबून राहतो. दुसऱ्या प्रकारात नम लॉकचा दिवाही बदलत नाही आणि आवाजाचा एकच तुकडा वाजत राहतो, कारण ध्वनीच्या बफरमध्ये (वाजण्यापूर्वी आवाज साठवण्याच्या जागेत) नवा आवाज भरणारे कोणी उरलेले नसते. तेव्हा संशय रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड (हे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) किंवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) यांच्याकडे जातो. पुढच्या वेळी संगणक पूर्ण थिजला की नम लॉक दाबून पाहा आणि दोन्ही प्रकार वेगवेगळे लिहून ठेवा.

पहिल्या प्रकाराबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण घरगुती संगणकात सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. हार्ड डिस्कमधला एखादा सेक्टर क्षीण झाला की डिस्क तो एका प्रयत्नात सोडून देत नाही. ती तबकडीच्या पुढच्या फेरीची वाट पाहते, हेड (डेटा वाचणारा भाग) किंचित सरकवून पुन्हा वाचते, त्रुटिदुरुस्तीचे गणित पुन्हा करते. ७२०० आरपीएमची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे शेकडो प्रयत्नांत कित्येक सेकंद सहज जातात. सर्व्हरसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांनंतर माघार घेऊन त्रुटी कळवतात. घरगुती डिस्कवर सहसा असे बंधन नसते, कारण तिथे डेटाची दुसरी प्रत नसेल असे गृहीत धरलेले असते. तेवढ्या वेळात त्याच डिस्ककडे आलेल्या बाकीच्या सर्व मागण्या रांगेत तुंबतात, आणि तुम्हाला दिसते ते ‘नॉट रिस्पॉन्डिंग’.

फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरे का वाटले, याचेही उत्तर यात आहे. विंडोज पुन्हा घालताना बहुधा जलद फॉरमॅट करतात. त्यात फाइल सिस्टिमची नवी मांडणी तेवढी लिहिली जाते आणि बाकीचे सेक्टर आहेत तसेच राहतात. नव्या फाइली योगायोगाने चांगल्या जागी पडल्या तर संगणक चालतो, आणि डिस्क भरत जाऊन क्षीण भागापर्यंत पोहोचली की दुखणे परत येते.

आता पुरावा कसा पाहावा ते सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या पानावर डिस्क निवडा. तिथे १०० टक्के हा आकडा दिसला म्हणजे डिस्क बिघडली असा निष्कर्ष काढू नका. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना निरोगी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला साधारण ७५ ते १०० मागण्याच पुऱ्या करू शकते, त्यामुळे विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असले की तीही शंभरावर जाते. तुम्हाला पाहायचा आहे तो सरासरी प्रतिसादकाळ. तो दोन आकडी मिलिसेकंदांत असेल तर डिस्क नुसती कामात आहे. वाचन-लेखनाचा वेग शून्याजवळ असताना तो हजारो मिलिसेकंदांवर गेला असेल तर डिस्क किंवा तिची केबल अडखळते आहे.

नंतर विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टम’ उघडा. ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब सेक्टर, १५३ म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली, आणि ‘स्टोरएएचसीआय’ची १२९ म्हणजे डिस्कने उत्तरच न दिल्यामुळे विंडोजने ती रीसेट केली. ‘कर्नल-पॉवर’ ४१ ही नोंद अनेकांना घाबरवते. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही. ‘व्हिया-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या त्रुटींच्या, नोंदी दिसल्या तर मात्र त्या जशाच्या तशा इथे लिहा.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन घेऊन डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद) वाचा. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींची कच्ची मूल्ये हवी आहेत. ती मूळ मांडणीत षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीने दिसतात, हे ध्यानात ठेवा. ०१ आणि ०७ या ओळींत काही कंपन्यांच्या डिस्क अवाढव्य आकडे दाखवतात; त्यांत दोन मापे एकत्र गुंफलेली असतात, त्यामुळे त्यांनी विचलित होऊ नका.


अभियंता_नगर :

वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. संगणक पूर्ण थिजतो त्याअर्थी रॅमवर संशय आहेच, आणि रॅम सदोष असेल तर डेटा उतरवताना प्रत्येक बाइट त्याच रॅममधून जातो. तिथे एखादा बिट बदलला तर प्रत बिघडते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. म्हणून हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेवा, दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासणारे साधन टाकून घ्या, आणि त्यावरून संगणक सुरू करून किमान एक पूर्ण फेरी, जमल्यास रात्रभर, चाचणी चालू द्या. डिस्क जोडलेलीच नसल्यामुळे तिला त्रास होण्याचा प्रश्न येत नाही. या चाचणीत त्रुटींची ‘थोडी’ संख्या चालते असे नसते. एक त्रुटी आली तरी रॅमची व्यवस्था सदोष आहे असेच धरावे.

त्याच पद्धतीने पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (डिस्कवर न बसवता चालणारी लिनक्स प्रणाली) चालवून, डिस्क न जोडता, तासभर ब्राउझर आणि व्हिडिओ चालवून पाहा. संगणक तरीही थिजला तर विंडोज आणि हार्ड डिस्क या दोघांनाही त्या प्रकारच्या दोषातून वगळता येते. दुकानांत हे सहसा कोणी करत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण एवढी सोपी आणि फुकट चाचणी दुसरी नाही.

टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती वापरली जाते तेही पाहावे. ८ जीबीपैकी जवळजवळ सगळी भरलेली असेल तर विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलचा आधार घेते, आणि निरोगी डिस्कही त्या ओझ्याखाली मंद भासते.


मृण्मयी :

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. अभियंता_नगर यांचा प्रतिसाद वाचण्यापूर्वीच छायाचित्रे आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवणे पूर्ण झाले होते. काही छायाचित्रांपाशी संगणक बराच वेळ अडला आणि त्यांतली थोडी वाचताच आली नाहीत.

संगणक अडकलेला असताना रॅमचा वापर साडेचार जीबीच्या आसपास होता, म्हणजे ती भरलेली नव्हती. डिस्क १०० टक्के, वाचनाचा वेग जवळजवळ शून्य, आणि सरासरी प्रतिसादकाळ ५००० मिलिसेकंदांच्याही वर जाताना दिसला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ आणि १५३ या नोंदी पुष्कळ आहेत, १२९ च्या थोड्या आहेत, व्हिया-लॉगरची एकही नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दाखवते. ०५ चे कच्चे मूल्य १०, सी५ आणि सी६ या दोन्हींचे १८, आणि सी७ चे २एफ४ असे आहे.

पूर्ण थिजल्यावर नम लॉकचा दिवा बदलत नाही, हेही पाहिले. शिवाय एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या साधनात सहज पाहिले तर काही न करताही प्रोसेसर ५८ अंशांवर दिसला, आणि व्हिडिओ रूपांतर सुरू करताच ९९-१०० अंशांवर जाऊन त्याचा वेग २.७ गिगाहर्ट्‌झच्याही खाली आला. हे तिसरेच काही आहे का?


रोहिडेश्वर :

आकडे बोलके आहेत. षोडशमानातले १८ म्हणजे आपले २४. सी५ मध्ये असलेले हे २४ सेक्टर वाचता न आल्यामुळे प्रतीक्षेत आहेत; त्यांवर नव्याने लिहिले जाईल तेव्हाच डिस्क ठरवील, की जागा पुन्हा वापरायची की राखीव सेक्टर द्यायचा. ०५ मधले १० म्हणजे १६ सेक्टरांना अशी राखीव जागा आधीच देऊन झाली आहे. यातला एखादाच आकडा असता आणि तो महिनोन्‌महिने स्थिर राहिला असता, तर डिस्क दुय्यम कामाला ठेवा असे मी म्हटले असते. परंतु सी५, सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) आणि इव्हेंट ७ ही तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत असताना या डिस्कवर यापुढे काहीही विसंबून ठेवू नये. पहिल्या प्रकारच्या गोठण्याचे कारण माझ्या मते निश्चित झाले.

सी७ वेगळे आहे. २एफ४ म्हणजे ७५६. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात डेटा खराब होऊन तो पुन्हा पाठवावा लागला, त्या प्रसंगांची ही मोजणी आहे. तिचा तबकडीशी संबंध नाही. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल, वाकलेली किंवा जुनी झालेली असते तेव्हा ती वाढते. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, म्हणून केबल बदलल्यानंतर तो वाढतो की तिथेच थांबतो, एवढेच पाहायचे. केबल अल्प किमतीत मिळते, ती आधी बदला. नवी डिस्क जुन्याच केबलला जोडली तर तीही अडखळेल आणि दोष विनाकारण तिच्या माथी बसेल.

नवी म्हणून साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घ्या. ती सेकंदाला हजारो विखुरलेल्या मागण्या पुऱ्या करते, त्यामुळे हाच प्रोसेसर तुम्हाला नवा वाटेल. विंडोजची जशीच्या तशी नक्कल करण्यापेक्षा एसएसडीवर ते कोरे घालावे, कारण खराब सेक्टरांत विंडोजच्या कोणत्या फाइली अडकल्या आहेत ते ठाऊक नाही. इथे एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल : विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत. यजमान बँकेचे व्यवहार याच संगणकावर करत असतील तर खर्चाचा निर्णय घेताना हे लक्षात असू द्या. नवा संगणक घेण्याचे ते खरे कारण ठरू शकते. मदरबोर्डबद्दल तुम्हाला सांगितलेले कारण अजून कोणत्याही पुराव्याने सिद्ध झालेले नाही.

राहिलेल्या छायाचित्रांसाठी लिनक्सवरचे जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा नकाशाच्या फाइलीत नोंदवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची असेल तर ती डिस्क निदान तेवढ्याच क्षमतेची हवी. १ टीबीच्या डिस्कची प्रत ९६० जीबीच्या एसएसडीवर मावत नाही. आज्ञा लिहिताना आधी मूळ डिस्क आणि मग लक्ष्य डिस्क हा क्रम वारंवार तपासा, कारण तो उलटला तर मूळ डेटा कायमचा पुसला जातो. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर मात्र त्याच क्षणी वीज बंद करा. त्यापुढचे काम डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचे आहे.


खाडीकाठ :

मी रत्नागिरी परिसरात संगणक दुरुस्तीचे काम करतो. हार्ड डिस्कबद्दल पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून उष्णता आणि पूर्ण थिजणे यांविषयी लिहितो.

काही न करता ५८ आणि भार येताच १०० अंश, हे ६५ वॅटच्या प्रोसेसरला शोभत नाही. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये साधारण १०० अंशांच्या जवळ पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. तुम्ही जे पाहिलेत ते तेच आहे. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याची खोली यांचा वाटा नक्कीच आहे, पण खोलीच्या तापमानामुळे एवढा फरक पडत नाही. तीन जागा पाहा. पंख्याच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसून हवा अडली असेल. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली असेल. आणि तिसरी, जी वारंवार नजरेतून सुटते, ती अशी : इंटेलच्या मूळ कूलरला प्लास्टिकच्या चार खिळ्या असतात, आणि त्यांतली एक जरी वर निसटली तरी कूलर एका बाजूने उचलला जातो. मदरबोर्ड मागून पाहता आला तर चारही खिळ्यांची टोके आरपार आलेली आणि फाकलेली दिसली पाहिजेत. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, तो मोकळा गरगर फिरू देऊ नका.

तथापि उष्णता हे पूर्ण थिजण्याचे कारण असेलच असे मी म्हणणार नाही. तापलेला प्रोसेसर आधी मंद होतो आणि मर्यादा ओलांडली तर संगणक एकदम बंद पडतो. बंद न पडता आवाजासकट थिजणे हे बहुतेक वेळा रॅम, एसएमपीएस किंवा बोर्डाकडे नेते. रॅमच्या चाचणीआधी पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवा. आमच्याकडे खारट, दमट हवेमुळे पट्टीच्या सोनेरी संपर्कांवर मळ धरतो आणि तेवढ्याने संगणक अडतो. तुमच्याकडे कोरडी धूळ तेच काम करते. अनेक जण हे संपर्क खोडरबराने घासतात. मी ते टाळतो, कारण मुलामा झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये जातात; आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ, धागे न सुटणारे कापड पुरेसे आहे. हे सर्व करताना वीज पूर्ण काढलेली असावी आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवलेली असावी.

एसएमपीएस पाहण्यासाठी मल्टिमीटर हवा. चार पिनांच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीत पिवळी तार १२ व्होल्टची, लाल तार ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या तारा ग्राउंडच्या असतात. एटीएक्स या डेस्कटॉपच्या मानकानुसार १२ चे माप ११.४ ते १२.६ आणि ५ चे माप ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान राहिले पाहिजे, आणि ते संगणक कामात गुंतलेला असताना मोजायला हवे. नुसत्या चालू संगणकावर बरोबर दिसलेले माप भार येताच घसरते, अशी उदाहरणे मी नेहमी पाहतो. एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नका. वीज काढल्यानंतरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) घातक भार राहू शकतो. मदरबोर्डवरचे उभे दंडगोल कपॅसिटर वरून सपाट आहेत ना, कोणाचे टोक फुगलेले किंवा तपकिरी द्राव सांडलेला नाही ना, हे मात्र उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस’ या स्थितीवर आहे का तेही पाहा. वीज गेल्यावर संगणकाचा एसएमपीएस पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि साध्या स्थितीतल्या इन्व्हर्टरला वीज बदलून द्यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. वीज जाण्याच्या वेळीच संगणक थिजत किंवा पुन्हा सुरू होत असेल तर कारण तिथे सापडेल.


मृण्मयी :

नवी साटा केबल आणि ५०० जीबीची एसएसडी बसवून विंडोज कोरे घातले. बाण फिरत राहून खिडकी अडकण्याचा प्रकार पूर्णपणे थांबला आहे. कूलरची एक खिळी खरोखरच वर आलेली होती. धूळ काढून, नवी पेस्ट लावून आणि कूलर पुन्हा बसवून भाराखालचे तापमान ६८ अंशांच्या वर गेलेले दिसत नाही. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. मल्टिमीटरवर भाराखाली १२ व्होल्टचे माप ११.९ आणि ५ व्होल्टचे ५.०५ आले. कपॅसिटर सर्व सपाट आहेत.

पूर्ण थिजणे मात्र त्यानंतरही झाले. मग डिस्क काढून, संपर्क पुसून मेमटेस्ट८६ प्लस चालवले. दोन्ही पट्ट्या बसवलेल्या असताना त्रुटी आल्या. पहिली पट्टी एकटी ठेवून दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने तपासली तेव्हा एकही त्रुटी आली नाही. दुसरी पट्टी एकटी ठेवली तर दोन्ही स्लॉटमध्ये त्रुटी येतात. सध्या पहिल्या पट्टीवरच, म्हणजे ४ जीबीवर, संगणक चालवत आहे. तो अजून थिजलेला नाही.


अभियंता_नगर :

दोष पट्टीबरोबर फिरतो आहे, स्लॉटबरोबर नाही. म्हणजे पट्टी सदोष आहे, आणि स्लॉट व प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग) यांवरचा संशय बऱ्याच अंशी दूर झाला. चांगली पट्टीही एखाद्या ठरावीक स्लॉटमध्ये त्रुटी दाखवू लागली असती, तर मात्र मदरबोर्डबद्दल तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीचा विचार करावा लागला असता.

नवी पट्टी घेण्याआधी सदोष पट्टीवरच्या लेबलवरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. अनेक कंपन्या रॅमवर दीर्घ मुदतीची, काही तर आजीवन वॉरंटी देतात, त्यामुळे २०१६ ची पट्टीही बदलून मिळण्याची शक्यता आहे. नवी घ्यावी लागली तर पहिल्या पट्टीच्या वेगाचीच घ्या, आणि दोन्ही एकत्र बसवल्यावर मेमटेस्ट पुन्हा चालवा; स्वतंत्रपणे निर्दोष असलेल्या दोन पट्ट्यांचे एकमेकींशी जमत नाही, असेही कधी कधी घडते.

आता दोन कामे राहतात, आणि दोन्ही डेटाची आहेत. छायाचित्रे आणि टॅलीचा डेटा तुम्ही उतरवलात तेव्हा ही सदोष पट्टी संगणकात होती. त्या प्रती पुसू नका, परंतु त्यांच्यावर पूर्ण भरवसाही ठेवू नका. जुनी हार्ड डिस्क नव्या केबलने तात्पुरती जोडून, एकट्या निर्दोष पट्टीवर, तोच डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये पुन्हा उतरवा आणि दोन्ही प्रतींतील फाइलींचे हॅश (फाइलीतील मजकुरावरून काढलेला तिचा ओळखक्रमांक) ताडून पाहा. पॉवरशेलमधली ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा त्यासाठी पुरते. जिथे हॅश जुळत नाहीत तिथे दोन्ही फाइली उघडून पाहा. टॅलीच्या बाबतीत यजमानांना मागच्या वर्षाचे ताळेबंद छापील प्रतीशी पडताळायला सांगा, कारण हिशेबातला एक बदललेला अंक फाइल व्यवस्थित उघडते म्हणून बरोबर ठरत नाही. कोरे विंडोजसुद्धा त्याच पट्टीवर घातले गेले असल्याने ते एकदा पुन्हा घालावे, असे मी सुचवीन. एसएसडीवर त्याला फार वेळ लागणार नाही.


रोहिडेश्वर :

याला माझे पूर्ण अनुमोदन. फक्त जुनी डिस्क जोडाल तेव्हा डीडीरेस्क्यूचे काम आधी उरका आणि ताडून पाहण्याचे काम त्या प्रतीवरून करा, म्हणजे मूळ डिस्क एकदाच वाचावी लागेल. हॅश पडताळून होईपर्यंत ती जपून ठेवा. त्यानंतर भंगारात देण्यापूर्वी तिच्यातली कागदपत्रे पुसली गेली आहेत याची खात्री करा. क्षीण सेक्टरांमुळे पुसण्याचे सॉफ्टवेअर मध्येच अडले तर वरचे झाकण उघडून तबकड्यांवर खोल ओरखडे काढून टाका.